डीपी-१ की डीपी-३: गावाबाहेरचं भाड्याचं घर

बहुतेकांचं म्हणणं, की अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात गावाबाहेरचं घर भाड्याने द्यायचं तर डीपी-१ घ्या, स्वस्तात भागतं. (डीपी-१ आणि डीपी-३ हे अशा घरांसाठी मालकाने घ्यायच्या विमा पॉलिसीचे दोन प्रकार.) हप्ता कमी असतो हे खरंच. पण डीपी-१ मध्ये भरपाई सहसा घसारा वजा करून मिळते. वीस वर्षं जुनं छप्पर जळालं तर हातात येईल त्यात नवे शिंगल्सही (छपरावरच्या चकत्या) बसणार नाहीत. डीपी-३ मध्ये इमारतीपुरतं तरी, वगळलेली कारणं सोडून बाकी कशानेही झालेलं नुकसान धरतात आणि विमा पुरेशा रकमेचा असेल तर नव्याने बांधायचा खर्च मिळतो. मी तरी तीच घेईन.

खरी मेख आहे अंतरात. फायर स्टेशन रस्त्याने पाच मैलांपलीकडे असेल तर आयएसओ (विमा कंपन्यांसाठी आगीपासूनच्या संरक्षणाची प्रतवारी करणारी अमेरिकन संस्था) हिच्या प्रतवारीत घर बहुधा थेट १० व्या, म्हणजे शेवटच्या वर्गात जातं. हजार फुटांत हायड्रंट, म्हणजे आगीच्या बंबासाठीचा पाण्याचा नळ, नसेल तरी विम्याचा दर बहुधा चढतोच. ‘इथे जवळच आहे हो स्टेशन’ हे विकणाऱ्याचं बोलणं सोडा. घर घेण्याआधीच एजंटला पत्ता देऊन वर्ग काढून घ्या.

लायबिलिटी, म्हणजे घरात दुसऱ्या कुणाला इजा झाली तर मालकावर येणाऱ्या जबाबदारीचा विमा, सहसा वेगळी जोडावी लागते. भाडेकरूचं सामान मालकाच्या या पॉलिसीत येत नाही, त्याला रेंटर्स इन्शुरन्सची अट करारातच घाला. आणि घर ६० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं, तर तोडफोडीची भरपाई सहसा विसराच.