डीअँडडीचा ग्रुप सोडायचाय, पण डीएम जुना मित्र आहे

बिनसूरी_बार्ड
चौदा महिने एकाच कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या गोष्टीत) खेळतेय, डीअँडडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन फासे टाकत खेळायचा गोष्टीचा गेम, पाचवी एडिशन, डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) धरून सहा जण. सुरुवातीला धमाल होती, पण गेले चार-पाच महिने नुसती मारामारी. मी बार्ड आहे, म्हणजे गाणारी-बोलणारी कॅरेक्टर, मला लोकांशी बोलून गुपितं काढायला आवडतं. बाकीच्यांपैकी तिघांना बिल्ड (कॅरेक्टर ताकदवान कसं करायचं ते), डॅमेज आणि मॅजिक आयटम, चौथा फोन बघतो. मागच्या सेशनला साडेतीन तास एकच फाइट. पाच राउंड झाले, एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे गेममध्ये अर्धा मिनिट (बसून हिशोब केला, तेवढा वेळ होता माझ्याकडे).

त्याच्या आधी तर कहर. एक डाकू जिवंत पकडलेला, मी त्याच्याकडून म्होरक्याचं नाव काढत होते, पर्सुएजनचे (पटवण्याच्या फाशाचे) चांगले अठरा आले, डीएम डाकूच्या आवाजात बोलायला लागला आणि तेवढ्यात फायटर (लढवय्या खेळणारा) म्हणे "मी त्याचं मुंडकं उडवतो". का तर "माझं कॅरेक्टर असंच आहे". सगळे हसले. मीही हसले, आणि मग दोन दिवस चिडचिड चिडचिड.

माणसं वाईट नाहीत हो कोणी. डीएम कॉलेजपासूनचा मित्र, मरमर तयारी करतो, माझ्या बार्डच्या हरवलेल्या बहिणीवर त्याने अख्खी स्टोरी रचलीये, मी गेले की ते सगळं पाण्यात. सांगू कसं? की कामाचं कारण देऊन हळूच सटकू?

विसाचा_फासा
कामाचं कारण अजिबात देऊ नका. मी दिलेलं. मग ते म्हणतात बरं, दिवस बदलू, वेळ बदलू, ऑनलाइन खेळू, आणि आपण एक खोटं झाकायला दुसरं शोधत बसतो. तीन महिन्यांनी मी दुसऱ्या ग्रुपमध्ये खेळतोय हे त्यांना कळलं, पुढचं विचारू नका.

डीएमला एकट्याला गाठून बोला, सेशनच्या दिवशी नको, मधल्या एखाद्या दिवशी. ग्रुपवर लांबलचक मेसेज तर मुळीच नाही, प्रत्येकाला वाटतं मलाच टोमणा मारलाय. तुमचं सेशन झीरो झालेलं का, म्हणजे खेळ सुरू करण्याआधी कोणाला काय हवंय ते ठरवायची बैठक?

बिनसूरी_बार्ड
कसलं सेशन झीरो, कॅरेक्टर बनवली आणि डायरेक्ट टॅव्हर्नमध्ये भेटलो, नेहमीसारखं.

पडद्यामागचा
मी बरीच वर्षं डीएम आहे म्हणून थोडी दुसरी बाजू. तुमचा फायटर चुकतोय असं मला नाही वाटत, मुंडकं सोडून. हा खेळ आलाच लढाईतून. तो बनवणारे गायगॅक्स आणि आर्नेसन दोघंही युद्धखेळ खेळणारे, १९७१ चं चेनमेल म्हणजे निव्वळ लढाईचे नियम, आणि त्यातून १९७४ ला डीअँडडी. आज पण कॅरेक्टर शीट बघा ना, एसी (बचाव), एचपी (किती मार सोसेल), इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी), हत्यारं, आणि करिझ्माच्या (छाप पाडण्याच्या) नावावर चार स्किल. फायटरला लेव्हल वाढली की मिळतं काय, जास्त अटॅक. मग तो गडी अटॅकच करणार.

पण डाकूच्या वेळी डीएमने "थांब, तिचं बोलणं होऊ दे" म्हणायला हवं होतं, ते त्याचंच काम. आणि "माझं कॅरेक्टर असंच आहे" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं, अरे कॅरेक्टर बनवलं कोणी, तूच ना?

बोलण्याचा गेम हवा तर कॉल ऑफ क्थुलू बघा. तिथे तपास हाच खेळ, आणि उगाच लढायला गेलात की मेलात, त्यामुळे सगळे आपोआप सरळ वागतात.

एक विनंती, तुमचं कॅरेक्टर डीएमच्या गळ्यात मारून जाऊ नका. सोडून गेलेल्या प्लेअरचं कॅरेक्टर चालवणं महाकंटाळवाणं काम, लढाईत त्याची पण टर्न, त्याचे पण स्पेल. एक शेवटचं सेशन मागून घ्या.

गपगार_गोब्लिन
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. तुम्ही गुपितं काढता तेव्हा बाकीचे चौघं काय करतात? चौथा फोन नेमका कधी बघतो?

बिनसूरी_बार्ड
@गोब्लिन लागलं, पण खरंय. एकदा वेशीवरच्या गार्डशी पाऊण तास बोलले होते, आणि तो गार्ड स्टोरीत पण नव्हता.

अपडेट: डीएमशी बोलले काल. आधी गप्पच झाला, मग पहिला प्रश्न "बहिणीचं काय करू?" तासभर बसून ठरवलं, पुढच्या सेशनला ती सापडते आणि बार्ड तिच्याबरोबर निघून जाते. मधे मोठी फाइट ठेवणारे म्हणे, नाहीतर बाकीचे झोपतील. चालेल म्हटलं. क्थुलूचा वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) कधीतरी करू असंही म्हणाला, बघू.

बाकीच्यांना तोच सांगणार होता, अजून सांगितलेलं दिसत नाही, कारण आज सकाळी फायटरचा मला मेसेज, लेव्हल सहा झाली, कुठला फीट (कॅरेक्टरचं खास कौशल्य) घेऊ. वीस मिनिटं टाइप करून सविस्तर उत्तर दिलं.