मदत हवी आहे: 2011 ची अल्टो पीयूसीत नापास, एफसी तोंडावर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावाच लागेल का?

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. गाडीची माहिती आधी देतो. मारुती अल्टो, 796 सीसी पेट्रोल, बीएस-3 (प्रदूषणाचं जुनं मानक), केए 22 (बेळगाव) पासिंग, 94,000 किमी. सप्टेंबर 2011 ची नोंदणी, म्हणजे या सप्टेंबरात 15 वर्षं भरतात आणि एफसी (फिटनेस सर्टिफिकेट) करून आरसी वाढवून घ्यायची आहे. रोजचं खानापूर–बेळगाव, महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने गोवा.

पीयूसीत नापास झाली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.82 टक्के आला, मर्यादा 0.5. एचसी (धुरातलं न जळलेलं पेट्रोल) 310 पीपीएम, ते मर्यादेत आहे. दहा दिवसांनी परत नेली, 0.79. अ‍ॅव्हरेज 18 वरून 14 वर आलंय. पिकअप ठीक, इंजिनचा लाइट पेटत नाही, धूर दिसत नाही. एअर फिल्टर आणि तिन्ही प्लग नवे टाकून झाले. गॅरेजवाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर विषारी वायू जाळणारा डबा) गेला असं सांगायलाय. खर्च मोठा आहे. आधी काय तपासू? आणि एफसीला अजून काय काय बघतात तेही सांगा.

उद्यमबाग_पाना:
कन्व्हर्टरला अजून हात लावू नका. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. सीओ वाढलाय आणि एचसी मर्यादेत आहे, म्हणजे प्लग ठिणगी देतायत, पेट्रोल जळतंय, पण गरजेपेक्षा जास्त येतंय. मिसफायर (ठिणगी चुकणं) असता तर एचसी उडाला असता. जास्त पेट्रोल आलं की सीओ तयार होतो आणि तो जाळायला कन्व्हर्टरकडे ऑक्सिजनच उरत नाही. अशा गाडीला नवाकोरा कन्व्हर्टर बसवला तरी तो सीओ उतरवू शकणार नाही, उलट वर्षभरात तोही खराब होईल. 14 चं अ‍ॅव्हरेज हेच सांगतंय.

आता दोन गोष्टी सांगा. गाडी 10-12 किमी चालल्यावर टेंपरेचरचा काटा कुठे असतो? आणि उतारावर तो खाली येतो का?

खानापूर_रोड:
काटा पावपर्यंत येतो, मध्यावर कधीच जात नाही. चोर्ला उतरताना जवळजवळ सी (गार) खुणेपर्यंत जातो. इंजिन थंड राहतंय, म्हणजे चांगलंच असं समजत होतो.

उद्यमबाग_पाना:
बहुतेक तिथंच गोम आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) एकतर उघडा अडकलाय, नाहीतर कुणीतरी काढून टाकलाय. घाटात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ती खपून जायची. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमानावरून पेट्रोल ठरवतो. पाणी 50-60 अंशांवरच फिरत राहिलं की त्याला वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांत जे व्हायला हवं ते दिवसभर चालू राहतं. शिवाय जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ऑइलसुद्धा बदलायचं आहे.

खात्री हाताने करता येते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा. रेडिएटरला वरून येणारा जाड रबरी होज हाताने धरा, फॅनपासून बाही लांब ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. दुसऱ्या मिनिटापासूनच होज हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा नाहीच.

निपाणी_वॅगनार:
उद्यमबाग यांना दुजोरा, पण एक राहिलं. काटा बरोबर मध्यावर येऊनही सीओ जास्त असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर खोटं सांगत असतो. काट्याचा सेन्सर आणि ईसीएमचा सेन्सर वेगळा असू शकतो. मल्टिमीटरवर सुझुकीचा ईसीएम सेन्सर 20 अंशांना साधारण अडीच हजार ओम दाखवतो आणि 80 अंशांना सव्वातीनशेच्या आसपास. गरम इंजिनला हजार ओमच्या वर अडकला असेल तर सेन्सर बदला. तो थर्मोस्टॅटपेक्षा फार महाग नाही.

खानापूर_रोड:
आज सकाळी होज धरून बघितला. तीन मिनिटांत कोमट, आठ मिनिटांत सगळा सारखाच गरम. एकदम चटका असं काही झालंच नाही. ऑइलला पेट्रोलचा वास आहे. थर्मोस्टॅट घरी बदलता येईल का?

उद्यमबाग_पाना:
येईल, फक्त इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर हात आणि तोंड दोन्ही भाजतं.

सामान: तुमच्या मॉडेलचा थर्मोस्टॅट, त्याचा गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून बसवायची चकती), एक लिटर कॉन्सन्ट्रेट कूलंटचे दोन डबे आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटरखाली तसराळं ठेवून कूलंट काढा. वरचा होज इंजिनाकडे जिथे जातो तिथल्या टोपीचे दोन बोल्ट सोडवा. आत थर्मोस्टॅट दिसला नाही तर मी वर सांगितलं तेच झालंय.

नवा बसवण्याआधी तपासून घ्या. पातेल्यात पाणी ठेवून दोऱ्याला टांगून सोडा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर लावून तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुतेक 82 किंवा 88, झडप हलायला लागते. उकळायला आलं तरी मिटलेलीच राहिली तर दुकानात परत द्या, कारण असा बसवला तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाईल. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला. तिथूनच अडकलेली हवा निघते. जुना गॅस्केट पूर्ण खरवडून काढा, पण अ‍ॅल्युमिनियमवर पात्याचे ओरखडे उमटू देऊ नका.

भरताना घाई करू नका. हीटर असेल तर फुल्ल गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. मग झाकण लावा आणि फॅन दोन वेळा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी परत बघा, थोडी उतरलेली असतेच.

ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. साधारण तीन लिटरच्या आत बसतं, पण मोजून ओतण्यापेक्षा डिपस्टिकवर भरवसा ठेवा. आणि 94,000 वर टायमिंग बेल्ट अजून मूळचाच असेल तर एफसीसाठी थांबू नका. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे. मारुती 1 लाख किमीवर बदला म्हणते, पण 15 वर्षं झालेलं रबर किलोमीटर मोजत नाही.

शहापूर_ब्रेक:
पीयूसीला नेण्याआधी एवढं करा. निदान 15 मिनिटं गाडी चालवून थेट केंद्रावर जा, घरापासून दोन गल्ल्या नको. कन्व्हर्टर 250-300 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय काम करत नाही आणि रांगेत उभं राहून गाडी परत गार होते. नंबर जवळ आला की पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. सायलेन्सरला कुठे भोक नाही ना तेही बघा. भोकातून हवा शिरली की मीटर चुकतो आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर ईसीएमसुद्धा फसतो.

बीएस-3 गाडीची पीयूसी सहा महिनेच चालते, बीएस-4 आणि बीएस-6 ची वर्षभर. एफसीच्या दिवशी ती आणि विमा दोन्ही चालू हवेत.

चंदगड_ते_बेळगाव:
मधेच विचारतो. आमची एमएच 09 गाडी बेळगावातच जास्त फिरते. पीयूसी बेळगावात काढली तर महाराष्ट्रात चालते का?

शहापूर_ब्रेक:
चालते, देशभर चालते. पण गाडी सलग 12 महिन्यांहून जास्त कर्नाटकात ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे केए नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी कोल्हापूरहून फॉर्म 28 ची एनओसी लागते.

निपाणी_वॅगनार:
एफसीचं सांगतो. अर्ज फॉर्म 25, मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून परिवहन पोर्टलवर इंग्रजीत भरता येतो. जुलैतच भरा. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी 5,000 रुपये करण्यात आली, हरित कर वेगळा. मुदत टळली की महिन्याला 500 रुपये जादा. आरसी पाच वर्षांसाठी वाढते.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर आधी ती लावा. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. नंबरावरची धूळ-ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर अजिबात घासू नका. नंबर घासलेला दिसला तर खाडाखोडीचा संशय येतो आणि प्रकरण वाढतं. काचांवर काळी फिल्म असेल तर काढा, 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तिला परवानगी नाही. बंपरसमोरचा लोखंडी गार्डही काढा. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि तीन वर्षांच्या आतला सिलिंडरचा हायड्रो टेस्ट (दाब देऊन केलेली चाचणी) दाखला हवा.

शहापूर_ब्रेक:
कागद झाले, आता गाडी. ब्रेकवर वेळ घाला, घाटात फिरणाऱ्या माणसाने तर नक्कीच.

मागचे ड्रम काढा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात लाल चिखल ड्रममध्ये शिरतो आणि सुकल्यावर लायनिंगला पॉलिश पेपरसारखा घासतो. ड्रमला बोटाने चाचपून कडा लागते का बघा. कडा असेल तर उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) लेथवर टर्न करून मिळतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे जायचं नाही, तिथे नवाच घ्यावा. धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओल असेल तर तो गळतोय. हँडब्रेक फार वर येत असेल तर आधी शू अ‍ॅडजस्ट करा, मग केबल. उलटं केलं तर शू ड्रमला घासत राहतो.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) हे 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं 140 ला. चोर्ला उतरताना सतत ब्रेक दाबला तर तेवढी उष्णता सहज होते, आणि ऑइल उकळलं की पेडल स्पंजसारखं खाली जातं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा.

टायरला किमान 1.6 मिमी खोली हवी. खाचेतल्या आडव्या पट्टीपर्यंत रबर आलं असेल तर टायर संपला. बाजूच्या चार आकडी कोडमध्ये आठवडा आणि वर्ष असतं.

दिवे सगळे लावून बघा, नंबर प्लेटचा बारीक बल्बसुद्धा. हेडलाइटला 60/55 वॅटचाच बल्ब ठेवा. शेवटी रबरी मॅट उचलून तळाचा पत्रा अंगठ्याने दाबा. दबला तर आतून गंजलाय, वेल्डिंग एफसीच्या आधी करून घ्या. दारांच्या खालची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा.

खानापूर_रोड:
टोपी उघडली. आत थर्मोस्टॅट नव्हताच, नुसता गॅस्केट. नवा 82 अंशांचा पातेल्यात तपासून बसवला, ऑइल-फिल्टर बदललं. काटा आता मध्याच्या थोडा खाली स्थिर राहतो, चोर्ल्याच्या उतारालाही. 20 किमी चालवून पीयूसीला नेली. सीओ 0.31, एचसी 140. पास. कन्व्हर्टर तोच जुना आहे. आता रविवारी मागचे ड्रम उघडतो. टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलायचा का?

उद्यमबाग_पाना:
हो, टेन्शनर बदलाच, आणि वॉटर पंपही हाताने फिरवून बघा. खरखर किंवा ओल दिसली तर तोही आत्ताच बदला, नाहीतर त्यासाठी बेल्ट परत काढावा लागेल.