मीटिंगच्या जिन्यावरून परत आले – मदत हवी आहे

नमस्कार. आज न पिता माझा २४ वा दिवस आहे.

अकरा वर्षं घेत होते, त्यातली शेवटची चार रोज. बाटली कपाटात उबदार कपड्यांच्या मागे असायची. काढताना काचेचा आवाज होऊ नये म्हणून मी तिला लोकरीचा मोजा चढवून ठेवायचे. हे आजवर फक्त डॉक्टरांना सांगितलंय. सोडली तीही त्यांच्याच देखरेखीखाली, पहिले पाच दिवस दाखल होते. घरी सोडताना ते म्हणाले, गोळ्यांनी शरीर सावरलं, आता माणसं शोधा. आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगचा पत्ता लिहून दिला. एए, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांचा, एकमेकांना सावरणारा गट.

मंगळवारी गेले. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. शेवटच्या वळणावर थांबले. आत एक बाई बोलत होती, शब्द कळत नव्हते, मग एकदम टाळ्या झाल्या. कठड्यावरचा हात काही केल्या सुटेना. तेवढ्यात खालून कुणाची तरी पावलं वाजली आणि मी फोन कानाला लावून, कुणाशी तरी बोलतेय असं दाखवत, खाली उतरून आले. घरी येऊन खूप रडले.

पहिल्याच दिवशी उभं राहून सगळं सांगावं लागतं का? ओळखीचं कुणी निघालं तर? देवाधर्मावर माझा विश्वास नाही, तिथे प्रार्थना असते म्हणतात. नवरा सोबत येतो म्हणतोय, पण त्याच्यासमोर मला तोंड उघडता येणार नाही. शिवाय त्याला वाटतं, नुसतं गोल बसून बोलल्यानं काय होणार? तो वाईट नाही, फार थकलाय. आणि खरी अडचण वेगळीच आहे. २४ दिवसांची मी, त्या लोकांना देणार काय? रिकाम्या हातानं जाऊन नुसतं घ्यायचं, हे मनाला पटत नाही.

प्रतिसाद:

ताई, मी नऊ वर्षं सोबर आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण एए सुरू झालं तेच त्यातून. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल कामासाठी आला होता. दारू सोडून पाचेक महिने झाले होते. काम फिसकटलं, आणि हॉटेलातला बार खुणावायला लागला. तेव्हा त्यानं फोन फिरवून दुसरा दारुडा शोधला, कशासाठी, तर स्वतः पिऊ नये म्हणून! तो दुसरा सर्जन होता. पंधराच मिनिटं बसेन म्हणून आला आणि कित्येक तास बसला. त्यानंतरही तो एकदा घसरला. त्याचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तोच दिवस आम्ही एएचा स्थापनादिन मानतो. तेव्हा तुम्ही नुसत्या येऊन बसलात तरी माझ्यासारख्याला काहीतरी देऊन जाता. नवीन माणसाचा थरथरता हात बघितला की मला माझा आठवतो.

बोलायची सक्ती नाही. पाळी आली की "आज फक्त ऐकते" म्हणायचं, पुढचा बोलायला लागतो. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडायची इच्छा. ओळखीचं कुणी भेटलं तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. प्रार्थना बऱ्याच ठिकाणी असते, तेव्हा गप्प राहिलात तरी चालतं. एएमध्ये स्वतःहून मोठ्या एखाद्या शक्तीवर, म्हणजे 'उच्च शक्ती'वर, भिस्त ठेवायला सांगतात; ती म्हणजे काय ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी पहिली दोन वर्षं त्या खोलीतल्या माणसांनाच ती मानत होतो. तरीही जमलं नाही तर स्मार्ट रिकव्हरी हा दुसरा मदतगट आहे, १९९४ पासूनची, तिथे देवाचा विषयच नाही.

क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते, असं यजमानांना सरळ सांगा. ओपन मीटिंग सगळ्यांना खुली असते, तिला त्यांना जरूर न्या. आणि नुसत्या बोलण्याबद्दल म्हणाल, तर २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली. पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत, एएशी नीट जोडून देणारे उपचार इतर समुपदेशनापेक्षा सरस ठरले.

वाचणाऱ्या इतरांना कळकळीनं सांगतो: रोज भरपूर घेत असाल तर एकट्यानं एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, ताईंनी केलं तसं.

आणखी एक प्रतिसाद:

माझी बायको प्यायची. यजमानांना अल-अ‍ॅनॉनला पाठवा, १९५१ पासून ती घरच्यांसाठीच आहे. मी रोज बाटल्यांवर खुणा करायचो, पातळी किती उतरली ते बघायला. तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही कसे आहात?" मला उत्तरच सुचलं नाही.

धागाकर्ती:

काल गेले. आधी फोन केला होता, त्यामुळे एक बाई खाली दारातच उभ्या होत्या. जिना दोघी मिळून चढलो. मी "आज फक्त ऐकते" एवढंच म्हटलं आणि तेही अर्ध्यात अडकलं. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. निघताना त्या बाईंनी त्यांचा नंबर दिला, म्हणाल्या, प्यावंसं वाटलं तर आधी मला लाव, नंतर नाही. नवऱ्याला बाटलीवरच्या खुणांचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही, मग अल-अ‍ॅनॉनची वेळ विचारली.

शुक्रवारी परत जातेय. अजून एक विचारायचं होतं: स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, व्हाल का, असं कुणाला किती दिवसांनी विचारावं? या बाईंनाच विचारलं तर घाई होईल का?