साताऱ्याहून बार्शीला ससे आणायचेत, उन्हाचं काय करू?

बार्शीची ताई

नमस्कार मंडळी. साताऱ्याकडच्या एका ससेपालकाकडून न्यूझीलंड व्हाइट जातीचा एक नर आणि चार माद्या घेतल्यात, वय साधारण तीन महिने. पैसे देऊन झालेत, ससे अजून तिकडेच आहेत. विकणारे म्हणतात, टोमॅटोच्या कॅरेटला वरून जाळी बांधतो आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत ठेवून देतो, तुम्ही स्टँडवर उतरवून घ्या. आमच्याकडे दुपारी पारा 42 च्या आसपास आहे. शेड पत्र्याची, आधी कोंबड्यांची होती. घरात सशांची एक जुनी जोडी आहे, तिला काही होऊ नये हीही काळजी. नीट सांगा, जीव टांगणीला लागलाय.

फलटणचा ससेपालक

ताई, डिकीला आधी स्पष्ट नाही म्हणा. तिथे हवा नसते, खालून धग लागते, वर कुणाची तरी बॅग येऊन पडते. धाब्यावर गाडी थांबली की आतली उरलीसुरली हवाही कोंडते.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे कान आणि श्वास एवढंच. 15 ते 20 अंशांत तो मजेत असतो, 30 च्या पुढे त्याची ओढाताण सुरू होते आणि 35 च्या वर कधी कोसळेल सांगता येत नाही. म्हणून मार्च ते जून मी संध्याकाळी सातच्या आधी कुणाला ससा देत नाही. लांबून आलेलं गिऱ्हाईक दुपारीच द्या म्हणून हटून बसतं. त्याला जेवू घालतो, ओसरीवर पडायला सांगतो, पण पिंजरा उघडत नाही.

तुम्ही घरची नाहीतर ओळखीची गाडी करा. रात्री दहाच्या पुढे निघा, म्हणजे ऊन्ह डोक्यावर यायच्या आत घरी. कॅरेट चालेल, पण नर वेगळा, माद्या एका कॅरेटात दोनच. तळाला गोणपाट, त्यावर वाळलेलं गवत जाड पसरा. घसरत्या प्लास्टिकवर ससा रस्ताभर पाय ताठ धरून बसतो आणि त्यातच थकतो. कॅरेटवर कॅरेट रचू नका, ताडपत्री तर अजिबात नको. पाण्याच्या बाटल्या बर्फ करून, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. गाडीत एसी असेल तर 24-25 वर ठेवा, झोत थेट अंगावर नको. चहाला थांबलात तर एक माणूस गाडीत, काचा उघड्या.

"प्रवासाआधी उपाशी ठेवा" असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. वाटेत समोर गवत हवंच. पाणी सांडतं, म्हणून काकडीच्या फोडी टाका, पण त्यांनी आधी काकडी खाल्लेली असेल तरच.

आणि विकणाऱ्याकडून दोन गोष्टी हक्काने घ्या. एक, ते सध्या देतात तेच गोळी खाद्य, आठ-दहा दिवस पुरेल एवढं. तुमचं खाद्य त्यात रोज थोडं थोडं वाढवत न्या. दुसरं, पाणी वाटीत पितात की निपलला (पिंजऱ्यावरची, चाटली की थेंब देणारी तोटी), ते विचारा. वाटीची सवय असलेला ससा निपलखाली तहानलेला बसून राहतो, त्याला ते पाणी आहे हेच कळत नाही.

ससा प्रवासात टिकतो आणि घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो, हे मी फार पाहिलंय. घाबरला की खाणं सोडतो, खाणं सोडलं की आतडं थांबतं. त्यामुळे सशाच्या तोंडाकडे पाहून काही ठरवू नका, पिंजऱ्याखाली वाकून लेंड्या बघा. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या आणि भरपूर असल्या की निश्चिंत राहा. बारीक झाल्या, वाकड्या आल्या, केसांच्या धाग्यात माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या की सावध. बारा तास लेंडीच नाही आणि गवतालाही तोंड नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

पशुवैद्यकीयची विद्यार्थिनी, परभणी

वरच्या दादांचं सगळं पटलं. औषधांबद्दल तेवढं सांगते, कारण घाबरून माणसं घरातलं काहीही पाजतात. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन सशाला तोंडावाटे कधीच देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा त्यातच जातो. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा स्प्रेही सशाला विषारी आहे.

ऊन लागल्याची खूण: कान तापलेले आणि त्यातल्या शिरा तटतटलेल्या, नाकपुड्या जोरात उडतात, हनुवटी लाळेने ओली, ससा अंग टाकून आडवा. लगेच सावलीत घ्या, साध्या गार पाण्याने कान ओले करा आणि वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जीव जाईल. बेशुद्धीकडे चाललेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तेवढं करून थेट दवाखाना.

नवे ससे जुन्या जोडीपासून किमान दोन आठवडे, जमलं तर महिनाभर लांब ठेवा. चारा आधी जुन्यांना, मग नव्यांना. शिंका, पांढरा शेंबूड, कानात खपल्या, पातळ संडास यावर लक्ष ठेवा.

बार्शीची ताई

खूप आभार. भावाची बोलेरो ठरवली, डिकीचं रद्द केलं. विकणारे आधी कुरकुरले, पण खाद्य द्यायला तयार झाले. शेडला गोणपाटाचे पडदे बांधून पाणी मारू का? आणि नर-मादी एकत्र कधी सोडू?

सावंतवाडीकर

ताई, ओलं गोणपाट तुमच्या कोरड्या हवेत छान चालेल. आमच्याकडे दमट हवेत त्याने उलट घुसमट होते, म्हणून आम्ही पिंजऱ्यात फरशीचा तुकडा आणि बर्फाची बाटली ठेवतो. नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नका, घाम नसलेल्या जनावराला त्याचा फारसा उपयोग नाही.

फलटणचा ससेपालक

पडदे बांधा, पण एक बाजू वाऱ्याला मोकळी ठेवा, नाहीतर लघवीचा उग्र वास आत कोंडतो आणि सर्दी धरते. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून सकाळ-दुपार पाणी मारा, चुना मारला तर आणखी बरं.

नर-मादीची घाई नको. तीन महिन्यांची पोरं आहेत, माद्या पाच-सहा महिन्यांच्या होऊ द्या. नराला उन्हाची झळ बसली तर पुढे दीड-दोन महिने मादी गाभण राहत नाही. तेव्हा नर वांझ निघाला म्हणून विकून टाकू नका. पावसाळा लागू द्या, मग बघा. आणि आणायला जाल तेव्हा कान धरून उचलू देऊ नका. मानेची कातडी एका हाताने, दुसरा हात ढुंगणाखाली. ढुंगण लोंबतं राहिलं आणि त्याने लाथ झाडली तर कणाच मोडतो. पोचलात की रात्री कितीही वाजोत, इथे कळवा.