स्वनिम आणि रूपिका: व्याख्या पाठ आहेत, उदाहरणं आली की गाडी अडते

जुळे_सोलापूरकर
एम.ए. मराठी भाग २ आणि सोबत सेट, दोन्हींची तयारी चालू आहे. भाषाविज्ञानाच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण उदाहरण सोडवायला दिलं की घोळ होतो. अडलेल्या गोष्टी अशा: ‘च’चे दोन उच्चार आहेत, मग स्वनिम (अर्थात फरक करणारं ध्वनीचं एकक) एक धरायचा की दोन? ‘दिन–दीन’ ही जोडी स्वनिम सिद्ध करायला चालेल का? ‘वाटा’, ‘भिंती’, ‘घोडे’ यांत अनेकवचनाची रूपिका (अर्थ असलेलं भाषेतलं सर्वांत लहान एकक) एक की तीन? शिवाय सोस्यूर आणि चॉम्स्की या भाषावैज्ञानिकांच्या संकल्पनांच्या जोड्या नेहमी एकमेकींत मिसळतात. एका पुस्तकात रूपिका, दुसऱ्यात रूपिम, तिसऱ्यात पदिम, तेही एक आहेच. जाणकारांनी कृपया सांगावं.

सात_रस्ता
संज्ञेचं आधी उरकतो. तिन्ही एकच. एक निवडा आणि उत्तरपत्रिकेत शेवटपर्यंत तीच ठेवा. बहुपर्यायी प्रश्नात मात्र तिन्ही ओळखता आल्या पाहिजेत.

आता स्वनिम. गुण व्याख्येला कमी आणि वितरणाला जास्त मिळतात, म्हणून काम नेहमी त्याच क्रमाने करा. संशय असलेले दोन स्वन (उच्चारलेले ध्वनी) घ्या. प्रत्येक स्वन शब्दात कुठे येतो ते लिहून काढा: सुरुवातीला, मध्ये, शेवटी, कोणत्या स्वराआधी. मग पाहा, दोन्ही एकाच जागी येऊन अर्थ बदलतो का? बदलत असेल तर दोन स्वनिम. एक येतो तिथे दुसरा कधीच येत नसेल आणि उच्चारातही दोघं जवळचे असतील, तर एकाच स्वनिमाची स्वनांतरं. दोन्ही एका जागी येतात पण अर्थ तोच राहतो, तर मुक्त परिवर्तन.

‘उच्चारात जवळचे’ ही अट बहुतेक जण गाळतात. ती नसेल तर एकमेकांच्या जागी न येणारे कुठलेही दोन स्वन एका स्वनिमात कोंबता येतील.

‘च’ला हे लावा. ‘चार’ (संख्या) तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लागते, आणि ‘चार’ (गुरांना चारा चार) दंततालव्य, म्हणजे जीभ दातांच्या मागे लागते. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण तालव्य, ‘जरा’ म्हणजे थोडं दंततालव्य. जागा तीच आणि अर्थ वेगळा, म्हणजे स्वनिम दोन. लिपीत अक्षर एक आहे म्हणून स्वनिम एक, हा सगळ्यात महागात पडणारा समज. तीच चूक उलट्या बाजूनेही होते: ‘श’ आणि ‘ष’ अक्षरं दोन, पण आजच्या मराठी बोलण्यात बहुतेकांचा उच्चार एकच.

काना_मात्रा
वरच्या उत्तरात एक भर हवी, नाहीतर विद्यार्थी पुढच्याच उपप्रश्नात सापडेल. ‘च’चा हा विरोध सगळीकडे टिकत नाही. इ, ए आणि य यांच्याआधी साधारणपणे फक्त तालव्य येतो. ‘त्याचा’ दंततालव्य, पण ‘त्याची’, ‘त्याचे’, ‘त्याच्या’ तालव्य. ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणून पाहा, फरक लगेच कळतो. ‘चिंचेचा’ या एका शब्दात तीन च आहेत: पहिले दोन इ आणि ए यांच्यामुळे तालव्य, शेवटचा आ-आधी दंततालव्य. ‘चिंच’ एवढंच म्हटलं तर शेवटचा च दंततालव्य असतो, ए लागला की तो बदलतो. विशिष्ट जागी विरोध असा नाहीसा होतो, त्याला न्यूट्रलायझेशन म्हणतात. ‘स्वनिम दोन, पण इ-ए-य यांच्याआधी विरोध लोप पावतो’ एवढं लिहिलं की उत्तर पूर्ण. ‘छ’ला मात्र असा दंततालव्य जोडीदार नाही, तिथे उगाच जोडी शोधू नका.

‘दिन–दीन’ शक्यतो टाळा. लेखनात फरक आहे, पण मराठी बोलण्यात इ-उ यांचं ऱ्हस्वदीर्घत्व बरंचसं शब्दातल्या जागेवरून ठरतं, त्यामुळे परीक्षक हरकत घेऊ शकतो. वादातीत जोड्या वापरा: काल–काळ, वेल–वेळ, मन–मण, पाट–पाठ.

ळ आणि ण मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. म्हणून ते स्वनांतर, असं काही जण लिहितात, ते चूक. एखाद्या जागी न येणं वेगळं आणि परिपूरक वितरण (एक येतो तिथे दुसरा कधीच न येणं) वेगळं. मध्ये आणि शेवटी ल–ळ अर्थ बदलतात, तेवढं पुरे. स्वनांतराचं चांगलं उदाहरण ‘पंख’मधला ङ आणि ‘पंच’मधला ञ. दोघं आपापल्या वर्गाच्या व्यंजनाआधीच येतात, म्हणून ते न-चे स्वनांतर. कुणी ‘वाङ्मय’ पुढे केलं तर तो संस्कृत संधीतून आलेला शब्द आहे असं सांगा (आणि बोलताना बरेच जण ‘वांग्मय’च म्हणतात).

स्वनिम ठरतो तो एका विशिष्ट बोलीपुरता. आपल्याकडे अनेकांच्या बोलण्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. ज्या बोलीत मण आणि मन सारखेच ऐकू येतात, तिथे न–ण हा विरोधच उरत नाही. हे अशुद्ध नव्हे, तिची स्वनिमव्यवस्था वेगळी. उत्तरात ‘प्रमाण मराठीत’ हे दोन शब्द घातले की वाद मिटतो.

सात_रस्ता
बरोबर, न्यूट्रलायझेशन राहिलंच होतं. स्वन मोजायला सांगतात तेव्हाही लिपी फसवते. ‘सोलापूर’ लिहिताना चार अक्षरं, उच्चारात अवयव तीन (सो-ला-पूर) आणि स्वन सात: स् ओ ल् आ प् ऊ र्. शेवटच्या र-मधला अ उच्चारला जात नाही, तो मोजला की आठ होतात आणि गुण जातो.

होटगी_नाका
सोस्यूर–चॉम्स्की लक्षात ठेवायला एकच फरक पुरतो. सोस्यूरची भाषाव्यवस्था समाजाची असते, चॉम्स्कीची भाषिक क्षमता व्यक्तीच्या मनात. सोस्यूर (१८५७–१९१३) यांची जिनिव्हातली व्याख्यानं १९०७ ते १९११ मधली. पुस्तक १९१६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून निघालं. ‘सोस्यूर यांनी लिहिलेला ग्रंथ’ असा पर्याय दिसला की थांबा. चॉम्स्कीचं क्षमता आणि प्रयोग (भाषेचा प्रत्यक्ष वापर) हे द्वंद्व १९६५चं. १९५७ हे त्याआधीच्या पुस्तकाचं साल, अदलाबदल तिथेच होते.

समाजभाषाविज्ञानात आपल्या शहराचं उदाहरण देताना जपून. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी शेजारी शेजारी नांदतात, ही बहुभाषिकता. फर्ग्युसनने १९५९ मध्ये मांडलेला डायग्लॉसिया म्हणजे एकाच भाषेची उच्च आणि नीच रूपं: अरबी, आधुनिक ग्रीक, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल. वेगळ्या भाषांनाही ती संज्ञा फिशमनने पुढे, १९६७ मध्ये लावली. म्हणून कोणाची व्याख्या विचारली आहे ते आधी पाहा. भाषासंपर्कावर लिहायचं तर सांगली जिल्ह्यातलं कुपवाड घ्या. गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१चा अभ्यास तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूवर आहे: शब्द वेगळे राहिले, वाक्यरचना मात्र एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की शब्दाला शब्द लावत भाषांतर होतं.

जुळे_सोलापूरकर
मनःपूर्वक आभार. रूपिकांचा एक प्रयत्न टाकतो, तपासाल का? ‘चादरींवर’ = चादर + ईं + वर. रूपिका तीन, ‘ईं’ अनेकवचनाची.

काना_मात्रा
तीन नाही, चार: चादर + ई + अनुस्वार + वर. एकवचनात ‘चादरीवर’ म्हणतोच ना? म्हणजे तिथली ई सामान्यरूपाची, अनेकवचन फक्त अनुस्वारात आहे.

‘चादरी वाळत घातल्या’मधली ई मात्र अनेकवचनाची. रूप सारखं, रूपिका वेगळ्या. खात्री करायची तर ‘वाट’ शेजारी ठेवा: अनेकवचन ‘वाटा’, सामान्यरूप ‘वाटेवर’. इथे दोघं वेगळे दिसतात, चादरीत ते योगायोगाने एकसारखे झाले.

आता मूळ प्रश्न. वाटा, भिंती, घोडे यांत रूपिका एकच, अनेकवचनाची. आ, ई, ए ही तिची रूपिकांतरं, म्हणजे एकाच रूपिकेची वेगवेगळी रूपं. घोड्याचा ए निदान नियमात बसतो: आकारान्त पुल्लिंगी नाम. वाट आणि भिंत दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही व्यंजनान्त, तरी एकीला आ आणि दुसरीला ई. आवाजावरून हे सांगता येत नाही, शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं, म्हणून ही शब्दनिबद्ध रूपिकांतरं. ‘एक दगड, दोन दगड’ इथे रूपिकांतर शून्य. अनेकवचन नाही असं लिहू नका, ‘दगडांना’मध्ये ते लगेच वर येतं. सरावाला ‘खाटांखाली’ आणि ‘चटण्यांचा’ सोडवून टाका. दुसऱ्यात ‘चा’चा उच्चार तालव्य की दंततालव्य, तेही लिहा.