नायजेरियाच्या जनगणनेवर दरवेळी भांडण का होतं?

प्रश्न (नाशिकरोड): अभ्यासिकेत शनिवारी गटचर्चा आहे. आकडे फुगवलेत हे नुसत्या तक्त्यावरून कसं ओळखायचं?

उत्तर १: वाढीचा दर काढा. 1952-53 मध्ये सुमारे 3 कोटी, 1963 मध्ये 5.57 कोटी. म्हणजे वर्षाला 6 टक्क्यांच्या आसपास! निव्वळ जन्म-मृत्यूच्या हिशोबात 3 टक्केसुद्धा खूप झाले. अर्थात, कराच्या धास्तीने आधीच्या गणतीत माणसं लपली होती, म्हणून सगळी वाढ खोटी म्हणू नका. 1962ची गणती तर रद्दच झाली, 1973चीही.

उत्तर २: मूळ दुखणं पैशाचं. केंद्राच्या महसुलातला राज्यांचा वाटा आणि प्रतिनिधीगृहाच्या जागा, दोन्हींत लोकसंख्या धरतात. 2006च्या जनगणनेत उत्तरेकडचं कानो राज्य 94 लाख, दक्षिणेकडचं लागोस राज्य 91 लाख. लागोसने स्वतःची मोजणी पुढे केली: 1 कोटी 75 लाख. त्या गणतीत धर्म आणि वांशिक गट विचारलेच नव्हते, तरी वाद टळला नाही.

उत्तर ३: आपल्याकडचा दाखलाही जोडा. लोकसभेच्या राज्यवार जागा अजून 1971च्या आकड्यांवर आहेत. 2008 मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी लोकसभा मतदारसंघ नव्याने आला, तो राज्यांतर्गत फेररचनेतून, 2001च्या आकड्यांवर. या दोन गोष्टींची गल्लत हमखास होते.