कंपनीतून विद्यापीठात येणाऱ्या स्त्रियांचे संशोधन-पेपर मोजणं बंद करा

स्फटिकवाली : अकरा वर्षं औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट होते, म्हणजे प्रयोगशाळेतली कृती कारखान्यात मोठ्या प्रमाणावर जमवून आणणारी. विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न : "पाच वर्षांत एकच पेपर?" काय सांगणार! सगळं काम गोपनीयतेच्या करारात. पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये सुरेख दाणेदार पडणारे स्फटिक मोठ्या रिॲक्टरमध्ये सुयांसारखे आले आणि फिल्टर तुंबला. कारण हाती लागायला चार महिने गेले. भांडं मोठं झालं की आकारमानाच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग घटतो, द्रावण सावकाश निवतं, ढवळणंही बदलतं. एम.एस्सी.च्या मुलांना हे कोण शिकवतं? समितीच्या तक्त्यात मात्र याला रकानाच नाही.

जुना_खडू : यात बाई-पुरुष कुठे आलं? हा प्रश्न पुरुषांनाही विचारतात. पीएचडीचा विद्यार्थी चार-पाच वर्षं तुमच्या हाताखाली राहणार, त्याच्याकडून लिहून घेता येतं का हे बघायला नको? भौतिकशास्त्रज्ञ शर्ली ॲन जॅक्सन १९७६ पासून बेल लॅब्जमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होत्या, १९९१ मध्ये रटगर्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. एव्हलिन हू याही बेल लॅब्जमधूनच विद्यापीठात गेल्या. कस असला की दार उघडतं.

स्फटिकवाली : खडूकाका, उदाहरणं नेमकी माझ्या बाजूची दिलीत. बेल लॅब्ज आपल्या लोकांना पेपर छापू देत असे!

अर्धी_वाफ : बाई कुठे आली ते मी सांगते. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या नव्या संशोधकांसाठीच्या अनुदानात पीएचडीपासूनची वर्षं मोजतात, ठरावीक मुदतीतच अर्ज करता येतो. आईला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची सवलत आहे, चांगलंच आहे. पण कंपनीतल्या वर्षांना सवलत नाही. पीएचडीनंतर घर चालवायला नोकरी धरली, मग मूल, मग "आता परत संशोधन करू" म्हणावं तोवर मुदत संपत आलेली. पुरुषाचीही संपते, मान्य. पण बाळंतपण आणि नोकरी दोन्ही एकाच घड्याळात बसवायला त्याला सांगत नाहीत.

परत_फिरलेली : मी हा उद्योग करून बसले आहे. कंपनी सोडली, विद्यापीठात तीन वर्षं काढली, पुन्हा कंपनीत. पगार निम्म्यावर आला आणि निम्मा वेळ अनुदानाचे अर्ज लिहिण्यात गेला. कोविडच्या एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या कॅटलिन कॅरिको यांना १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं, २०१३ मध्ये त्या बायोएनटेक कंपनीकडे गेल्या, २०२३ मध्ये नोबेल. औषधं शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांचंही नोबेल (१९८८) कंपनीतल्याच कामाचं. विद्यापीठ म्हणजे काही वैकुंठ नव्हे, बायांनो.

स्फटिकवाली : एलियन यांना नोकरी सांभाळून पीएचडी करायची होती. शिक्षणसंस्थेतले पूर्णवेळ या म्हणाले, म्हणून त्यांनी पीएचडीच सोडली. मला वैकुंठ नकोय हो, वर्ग हवाय.

जुना_खडू : मुलांबद्दलचं अर्धी_वाफ यांचं म्हणणं पटलं. पेपर मोजूच नका हे अजूनही पटत नाही. पण त्या सुया आणि फिल्टर... आमच्या विभागात हे कुणालाच शिकवता यायचं नाही. रेणूचं नाव वगळून लिहून टाका की.

स्फटिकवाली : लिहिलाय, काका. कंपनीच्या कायदा विभागात सात महिने पडून आहे.